लेकरांच्या अंगाला आणि मनाला वाफसा हवा



निलंगा भागात मृग सरून आर्द्रा लागते, सोयाबीन-तुरीच्या पेरणीची घाई असते, त्याच सुमारास २१ जूनला शाळेत योगदिन होतो. २०१५ पासून हा दिवस जगभर पाळतात. त्या दिवशी शाळेत सतरंज्या अंथरतात आणि दुसऱ्या दिवशी गुंडाळून ठेवतात. योगासने रोज करावीत, असे शिवारात कुणाला म्हटले की हमखास एकच सवाल येतो, "साहेब, आमची लेकरे शेतात राबतात. त्यांना आणखी कसली आसने?"

सवाल रास्त आहे. पण थोडा विचार करा. खुरपणी असो, सोयाबीनची काढणी असो की धसकटे वेचणे असो, सारी कामे पुढे वाकून. शाळेत गेले की वहीवर वाकून. मागे वाकण्याचे, छाती फुलवण्याचे काम दिवसभरात येतच नाही. सूर्यनमस्कारात पुढे नि मागे आळीपाळीने वाकावे लागते. भुजंगासनाने पाठीला बळ येते, वृक्षासनाने तोल साधतो.

ही काही नवी टूम नव्हे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले होते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगाचा शास्त्रीय अभ्यास चालवला.

दुसरी गोष्ट मनाची. आपल्या जिल्ह्यात 'लातूर पॅटर्न'चे नाव मोठे. दहावी-बारावी आली की लेकरू रात्र रात्र जागते आणि सारे घर त्याच्या टक्क्यांकडे डोळे लावून बसते. योगाने मार्क वाढतात, असे मी सांगणार नाही. पण निजण्यापूर्वी पाच मिनिटे शवासनात पडून सावकाश श्वास घेतला तर जीव थाऱ्यावर येतो, झोप लागायला मदत होते. रानात पाणी तुंबले तर मुळांना हवा मिळत नाही. वाफसा आल्याशिवाय आपण तिफण धरत नाही. लेकराच्या मनाचेही तसेच आहे.

काही पथ्ये पाळा. सकाळी अनशापोटी, घोंगडीवर किंवा सतरंजीवर दहा-पंधरा मिनिटे पुरेत. जेवण झाले असेल तर तीन तास जाऊ द्यावेत. कोवळ्या अंगाची ओढाताण करू नये, शेजारच्या पोराशी चढाओढ लावू नये. लहान मुलांना श्वास कोंडून धरायला लावू नये. ताप असेल तर आसने बंद ठेवावीत. दमा, हर्निया किंवा दुसरे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. योग हे औषध नव्हे, औषधे बंद करू नयेत.

शेवटी एक विनंती. ही पंधरा मिनिटे मुलीलाही द्या. त्या वेळी तिला पाण्याला किंवा चुलीकडे धाडू नका. आणि लेकरांना नुसते "कर" म्हणण्यापेक्षा आपणही त्यांच्या शेजारी बसा. आपली कंबरही वर्षानुवर्षे पुढेच वाकत आली आहे.