मूल थांबत नाही, कॅमेरा थांबतो



आमच्या घरच्या कपाटात २००४ सालचा एक फोटो आहे. त्या वर्षी मला नोकरीतला पहिला बोनस मिळाला होता आणि त्यातून मी रोलचा एक ऑटोफोकस कॅमेरा घेतला होता. माझा पुतण्या तेव्हा अकरा महिन्यांचा. एका रविवारी सकाळी तो खाटेची कड सोडून आपल्या आजीकडे, म्हणजे माझ्या आईकडे, पहिली पावले टाकत निघाला. आई जमिनीवर बसून दोन्ही हात पुढे करून त्याला बोलावीत होती आणि मोठ्याने हसत होती. मी दारात उभा होतो. कॅमेरा हातातच होता. मी बटण दाबले.

छत्तीस फोटोंचा रोल संपायला महिना लागला. धुऊन आणला आणि पाहतो तो काय, डावीकडे आई धूसर, उजवीकडे पोर धूसर, आणि दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेतून दिसणारे भिंतीवरचे कॅलेंडर मात्र इतके स्वच्छ की तारखा वाचून घ्याव्यात!

आई दोन वर्षांनी गेली. हसतानाचा तिचा तेवढाच एक फोटो. बाकीचे सगळे ओळखपत्रासाठी काढलेले किंवा लग्नाच्या गर्दीतले.

अनेक वर्षे मी त्या कॅमेऱ्याला दोष देत होतो. पुढे समजले की कॅमेरा ठीक होता, त्याच्याकडून काम कसे करून घ्यावे हे मला माहीत नव्हते. त्याचे माहितीपुस्तक मी पिशवीतून बाहेरदेखील काढले नव्हते. म्हणून आज हा विषय घेतला आहे. वरवर पाहता तो हौसेचा वाटेल. परंतु ज्या घरांत आजोबा-पणजोबांचा एकही फोटो नाही, अशी घरे आपल्यात किती आहेत हे आपण जाणतो. आपल्या मुलांच्या बाबतीत तसे होऊ नये.

भाचीचा प्रश्न

हल्ली तरुण मुलामुलींत पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे छोटे डिजिटल कॅमेरे पुन्हा घेण्याची आवड आली आहे. माझी भाची बारावीत आहे. लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन तिने चार हजार रुपये साठवले. तिला तिच्या चार वर्षांच्या भावाचे आणि चाळीतल्या मोत्या कुत्र्याचे फोटो काढायचे होते. ती मला म्हणाली, "मामा, बारा मेगापिक्सेलचा कॅमेरा मिळतोय. घेऊ का?"

मी विचारले, "बटण दाबल्यावर फोटो किती वेळाने निघतो?"

ती हसायला लागली. "लगेचच निघत असेल की!"

इथेच आपण सगळे फसतो. मी वाणिज्य शाखेचा माणूस, म्हणून तिला हिशेबच करून दाखवला. चार वर्षांचे मूल घरात पळताना सेकंदाला दोन मीटर जाते असे धरू. जुन्या छोट्या कॅमेऱ्याला फोकस करून फोटो घ्यायला अर्धा सेकंद सहज लागतो, आणि उजेड कमी असला तर एक सेकंदही लागतो. अर्ध्या सेकंदात मूल एक मीटर पुढे गेलेले असते. मोत्या सेकंदाला पाच मीटर धावला, तर तो अडीच मीटर पुढे. म्हणजे आपण मोत्याला पाहून बटण दाबायचे आणि फोटोत यायची फक्त शेपटी, किंवा तीही नाही. तिथे बारा मेगापिक्सेल असोत की वीस, रिकाम्या व्हरांड्याचाच फोटो मोठा येणार.

कॅमेऱ्याला अंतर कसे कळते?

आपल्या लहानपणी 'क्लिक थ्री' किंवा 'हॉट शॉट'सारखे साधे कॅमेरे असत. त्यांत फोकस करण्याची भानगडच नव्हती. भिंग एकाच जागी पक्के बसवलेले, आणि उजेड आत येण्याचे छिद्र लहान. त्यामुळे थोड्या अंतरापासून लांबपर्यंतचे सारे कामापुरते स्पष्ट येई. शोधायचे काहीच नसल्यामुळे उशीरही नसे. उन्हात खेळणाऱ्या मुलांचे फोटो त्या स्वस्त कॅमेऱ्यांनी चांगले काढले. अंधाऱ्या खोलीत आणि अगदी जवळून मात्र ते निरुपयोगी ठरत.

१९७७ साली जपानच्या कोनिका कंपनीने 'सी ३५ एएफ' हा आपोआप फोकस करणारा छोटा कॅमेरा बाजारात आणला. १९७९ साली कॅननचा 'एएफ ३५ एम' आला. तो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण समोर सोडी आणि परत आलेल्या किरणाच्या कोनावरून अंतर ठरवी. युक्ती चांगली होती, पण तिच्या खोडीही होत्या. मधे खिडकीची काच आली तर किरण काचेवरूनच परत येई. काळ्या केसांचे कुत्रे किरण शोषून घेई. आणि किरण जात असे चौकटीच्या मधोमध. दोन माणसांच्या मधे मोकळी जागा असली, की तो त्या जागेतून सरळ मागच्या भिंतीवर. माझ्या कॅमेऱ्यानेही असेच मधोमध पाहिले. आईला सोडून कॅलेंडर का स्पष्ट आले, ते आता आपल्या लक्षात आले असेल.

पुढे डिजिटल कॅमेरे आले. त्यांतील बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांची रीत वेगळी होती. जुन्या ट्रान्झिस्टरवर आपण स्टेशन कसे लावायचो ते आठवा. खुंटी फिरवत न्यायची, आवाज साफ होतो, आणखी फिरवली की पुन्हा खरखर, मग थोडी मागे आणायची. हा कॅमेराही तसेच करतो. भिंग पुढे नेतो, चित्रातील कडा किती ठळक झाल्या ते पाहतो, ठळकपणा कमी होऊ लागला की मागे येतो. 'घर्र घर्र' असा जो बारीक आवाज येतो, तो या शोधाचा. थांबलेल्या वस्तूला ही रीत उत्तम. पण खुंटी फिरवेपर्यंत स्टेशनच हलले तर? मूल नेमके तेच करते.

दुसऱ्या रीतीत भिंगाच्या दोन बाजूंनी येणारा प्रकाश वेगवेगळा मोजतात. दोन्ही चित्रांत किती फरक पडला यावरून भिंग कोणत्या दिशेला व किती सरकवायचे ते आधीच कळते. चाचपडणे वाचते. २०१० साली फुजीफिल्मने 'एफ ३०० ईएक्सआर' या छोट्या कॅमेऱ्यात ही सोय थेट प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवरच बसवली. २०१६ साली सोनीच्या 'आरएक्स १०० मार्क ५'मध्ये फोकसचा वेळ ०.०५ सेकंद, तर २०१९ च्या 'मार्क ७'मध्ये ०.०२ सेकंद असल्याचे कंपनीने सांगितले. या शेवटच्या कॅमेऱ्याला माणसाचाच नव्हे तर प्राण्याचाही डोळा ओळखून त्यावर फोकस धरता येतो. तो आपल्या खिशाला परवडणारा नाही, हे खरे. परंतु ही रीत आता अनेक मोबाइल फोनांतही आलेली आहे, हे लक्षात ठेवावे.

बिघडलेला फोटो काय सांगतो?

फोटो बिघडला की आपण 'हलला' असे म्हणून मोकळे होतो. त्याऐवजी तो नीट पाहावा. बिघाड तीन प्रकारचे असतात.

मूल धूसर आणि मागची भिंत स्पष्ट असेल, तर फोकस चुकीच्या जागी गेला. मूल चौकटीच्या कडेला गेले किंवा निघूनच गेले, तर फोकसला उशीर झाला. आणि भिंत ठीक पण मुलाचे हातपाय ओढल्यासारखे, पुसल्यासारखे आले, तर फोकसचा दोष नाही. उजेड कमी म्हणून झडप जास्त वेळ उघडी राहिली. सेकंदाच्या तिसाव्या भागात आपला पळणारा मुलगा साडेसहा सेंटिमीटरांहून किंचित जास्त सरकतो, पाचशेव्या भागात फक्त चार मिलिमीटर. रोग कोणता ते कळले की औषध सापडते.

बिनपैशाचे औषध

पहिले आणि सर्वांत मोठे औषध म्हणजे बटण अर्धे दाबणे. छोट्या कॅमेऱ्याचे बटण दोन टप्प्यांत दाबले जाते. अर्धे दाबले की तो फोकस करून थांबतो. बोट तसेच ठेवावे. पुढे पूर्ण दाबले की शोधाशोध न करता फोटो बहुधा तत्काळ निघतो. उशीर आधीच उरकून घ्यायचा, इतकीच ही युक्ती.

धावणाऱ्या मुलासाठी जागा ठरवावी. "त्या लाल फरशीपर्यंत पळत ये," असे सांगावे. लाल फरशीवर नेम धरून बटण अर्धे दाबून ठेवावे. मूल तिथे पोचण्याच्या किंचित आधी पूर्ण दाबावे. कुत्र्यासाठी भाकरीचा तुकडा त्या जागी ठेवावा.

दोन माणसे आजूबाजूला असतील, तर त्यांतील एकावर नेम धरून अर्धे दाबावे, बोट न उचलता कॅमेरा मधोमध आणावा, मग पूर्ण दाबावे. माझी आई आणि पुतण्या माझ्यापासून सारख्याच अंतरावर होते. आईवर नेम धरला असता तर दोघेही स्पष्ट आले असते. त्या कॅमेऱ्यात ही सोय होती. पुस्तकाच्या पहिल्या काही पानांतच ती लिहिली होती.

दुसरे औषध उजेड. ट्यूबच्या उजेडात फोकसही मंद आणि झडपही मंद. तोच खेळ दाराजवळ किंवा व्हरांड्यात मांडला की दोन्ही सुधारतात. झूम वापरण्याऐवजी आपण दोन पावले पुढे जावे, कारण झूम केल्यावर बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत आत येणारा प्रकाश कमी होतो आणि फोकसची चूकही जास्त दिसते. काळ्या कुत्र्याच्या पाठीवर नेम धरू नये, तिथे कॅमेऱ्याला कडाच सापडत नाहीत. कान, गळ्यातला पट्टा किंवा डोळ्याची चमक धरावी. आणि खाली बसावे. मुलाच्या व कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा आला की नेम चुकण्याची शक्यता कमी होते आणि फोटोही जिवंत वाटतो.

कॅमेऱ्यात धावत्या माणसाचे चित्र असलेली सोय असेल तर ती लावावी. कॅननच्या अनेक पॉवरशॉट कॅमेऱ्यांत तर 'किड्स अँड पेट्स', म्हणजे मुले व पाळीव प्राणी, या नावाचीच सोय होती.

दुकानात काय झाले?

भाची आणि मी जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेलो. बारा मेगापिक्सेलचा कॅमेरा दिसायला चकचकीत होता. मी भाचीला म्हणालो, आधी हातभर अंतरावरच्या डब्यावर नेम धर, मग लगेच रस्त्यावरच्या पाटीवर, आणि मनात मोज. हिरवा चौकोन यायला 'एक-दोन' म्हणून झाले. दुकानाच्या आतल्या काळोख्या कोपऱ्यात तर चौकोन आलाच नाही. शेजारचा सात मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा 'एक' म्हणेपर्यंत तयार होत होता. मग तिने स्वतःचा मोबाइल काढून तीच परीक्षा घेतली. मोबाइल दोघांपेक्षा चपळ निघाला!

"मग मामा, कॅमेरा घेऊच नको का?"

मी म्हणालो, "पैसे तुझे, निर्णय तुझा. पण परीक्षा न घेता घेऊ नकोस." तिने बराच विचार केला. मोबाइलला अर्धे दाबायचे बटण नाही आणि मोबाइल दिवसभर तिच्या आईकडे असतो, म्हणून सात मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला. बावीसशे रुपये. अठराशे परत डब्यात गेले.

गेल्या रविवारी चाळीच्या व्हरांड्यात तिने भाऊ आणि मोत्या यांचे बरेच फोटो काढले. पहिले दहा-बारा वाया गेले. मग तिला लय सापडली. एका फोटोत पोरगा ओरडत पुढे येतो आहे, मोत्या त्याच्या मागे आहे, आणि कडेला दारात बसलेली माझी बहीण तोंडावर पदर धरून हसते आहे. तिघेही स्पष्ट. मी त्याची प्रिंट काढून आणली आणि मागे तारीख लिहिली. मोबाइलमधले फोटो मोबाइलबरोबर जातात, म्हणून वर्षाला चार तरी प्रिंट काढाव्यात असे माझे सर्वांना सांगणे आहे.

वाचकहो, या आठवड्यात एवढेच करा. घरात कोणाचा जुना कॅमेरा पडून असेल तर तो बाहेर काढा, चार्ज करा, आणि मुलांना बटण अर्धे दाबायला शिकवा. आता रोलचा खर्च नाही, दहा फोटो चुकले तरी काही बिघडत नाही. आणि घरात म्हातारे माणूस असेल, तर पहिला नेम त्यांच्यावर धरा.