‘माझ्याकडे तर चालतंय!’

सबमिशनच्या आदल्या रात्री तुमचा सी प्रोग्रॅम मित्राच्या मशीनवर गंडतो आणि तुम्ही म्हणता, ‘माझ्याकडे तर चालतंय!’ चालणारच. ६४ बिट लिनक्सवर ‘लाँग’ ८ बाइटचा असतो, ६४ बिट विंडोजवर मात्र ४ बाइटचाच. साइज छापून बघितली तरी भागत नाही. लॅपटॉपवर कंपाइल करून प्रोग्रॅम छोट्या बोर्डावर टाकायचा असेल, तर छापलेला आकडा लॅपटॉपचा असतो, बोर्डाचा नव्हे. कोड कुणासाठी बनतोय, हे कंपायलरला पक्कं ठाऊक असतं. मग त्यालाच विचारा ना! २०११च्या सी स्टँडर्डपासून त्यासाठी ‘स्टॅटिक असर्ट’ आहे. अट मोडली, की प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही. एका ओळीचं तर काम! गृहीत धरायचं तर खुशाल धरा, पण कोडमध्ये लिहून.