अंजिराची उशिराची गुटी

श्रावण सरून भाद्रपद लागला तरी अंजिराच्या अनेक बागांत गुट्या बांधण्याचे काम चालूच राहते. पेरण्या व खुरपण्या उरकलेल्या असतात, हाताला सवड असते आणि झाडावर जून फांद्याही दिसतात. त्यामुळे 'आता बांधली काय आणि महिन्यापूर्वी बांधली काय, सारखेच' असा समज होतो. हा समज चुकीचा आहे. मघा नक्षत्र संपल्यावर अंजिरास गुटी बांधू नये. त्यानंतर रोपांची गरज भासल्यास छाटकलमाचा मार्ग धरावा, हेच हिताचे होय.

गुटीचे कार्य कसे चालते, हे ध्यानी घेतले म्हणजे यातील कारण सहज उमगेल. फांदीवरील पाने जे अन्न तयार करतात, ते सालीतून खाली उतरते. सुमारे अडीच सेंटिमीटर रुंदीची साल गोलाकार काढली की हे अन्न जखमेच्या वरच्या कडेशी अडते आणि ओल्या शेवाळाच्या आधाराने तेथेच मुळे फुटतात. पाणी मात्र आतील लाकडातून वर चढत राहते, म्हणून फांदी जगते. सारांश, मुळे फुटण्यास तीन गोष्टी लागतात : फांदीवर निरोगी पाने, हवेत ऊब आणि शेवाळात ओल.

पावसाळ्याच्या अखेरीस यांपैकी पहिल्या दोन गोष्टी हातच्या जाऊ लागतात. दमट हवेत अंजिरावर तांबेरा पडतो, पाने पिवळी होऊन गळतात. पाने गळालेल्या फांदीवर गुटी बांधणे म्हणजे विहीर आटल्यावर मोट जोडणे होय. पुढे ऑक्टोबरात पाऊस परततो, हवा कोरडी होते आणि पुरंदरसारख्या पठारी भागात रात्री झपाट्याने गार होऊ लागतात. गारठ्यात मुळांची वाढ मंदावते. कित्येकदा जखमेवर केवळ गाठ धरते, मुळे फुटत नाहीत.

प्लॅस्टिकचा कागद गुंडाळल्यावर ऋतूची अडचण उरत नाही, असे काही बागायतदार म्हणतात. कागद ओल राखतो, हे खरे. परंतु तो गळालेली पाने परत आणीत नाही आणि थंड रात्री ऊबही देत नाही.

यास्तव तिथी पाहून नव्हे, तर पुढचे दिवस मोजून गुटी बांधावी. उबदार, दमट हवेत अंजिराच्या गुटीस मुळे धरण्यास साधारणपणे महिना ते दीड महिना लागतो. कापल्यानंतर रोप पिशवीत लावून आणखी महिनाभर सावलीत सांभाळावे लागते. आश्लेषा नक्षत्रात, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात बांधलेली गुटी सप्टेंबरअखेर कापण्याजोगी होते आणि थंडीपूर्वी रोप सावरते. मघांत बांधलेलीस जेमतेम अवधी मिळतो. हस्तात बांधलेली गुटी कापणीस येते तेव्हा नोव्हेंबरचा मध्य उलटलेला असतो. कोवळ्या मुळांचे रोप मग कोरड्या वाऱ्यात व थंडीत उघडे पडते.

यात नुकसान केवळ रोपाचे होत नाही. मीठा बहार धरणारे बागायतदार सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी करतात. गुटी बांधलेली फांदी छाटता येत नाही, म्हणजे त्या फांदीचा बहार बुडतो. गुटी फसली तर फांदीही जाते आणि रोपही मिळत नाही. शिवाय अशी अर्धी मुरलेली रोपे विकत घेऊन लावणाऱ्याच्या बागेत नांगे पडतात. ते भरून काढण्यास पुढच्या पावसाळ्याची वाट पाहावी लागते व झाडांचे वय मागेपुढे होते. लहान शेतकऱ्यास वर्ष वाया जाणे परवडणारे नाही.

याउलट छाटणीत निघणाऱ्या फांद्या बागेस ओझेच असतात. त्यांतून पेन्सिलीएवढ्या ते अंगठ्याएवढ्या जाडीच्या, जून व निरोगी फांद्या निवडाव्यात. वीस ते पंचवीस सेंटिमीटर लांबीचे, चार ते सहा डोळ्यांचे तुकडे करावेत. चीक पुसून किंवा सुकू देऊन, दोन डोळे वर ठेवून ते पिशवीत अगर वाफ्यात लावावेत व सावलीत ठेवावेत. अंजीर हे छाटकलमाने सुलभपणे येणारे झाड आहे. थंडीत फूट उशिरा येईल. परंतु कलमाच्या काडीत साठलेले अन्न तिला धीर देते. एखादी काडी वाळली तरी टाकाऊ लाकडाखेरीज काहीच गमावलेले नसते.

ज्यांनी उशिरा गुट्या बांधल्याच आहेत, त्यांनी घाई करून त्या कापू नयेत. फांदीस काठीचा आधार द्यावा, शेवाळ सुकले असल्यास भिजवून पुन्हा घट्ट बांधावे आणि कागदातून भरपूर मुळे दिसल्यावाचून कात्री लावू नये. थंडी ओसरल्यावर मुळे वाढू लागली तर तेव्हा कापून रोप सावलीत जोपासावे व लागण मृगानंतर करावी.

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनीही या बाबतीत आपली नोंद ठेवण्याची रीत बदलणे इष्ट आहे. किती गुट्या बांधल्या, एवढाच आकडा वहीत असला की उशिराच्या गुट्याही त्यात भर घालतात आणि काम भरघोस दिसते. त्याऐवजी बांधल्याची तारीख, मुळांसह कापलेल्या गुट्या आणि पुढील पावसाळ्यात शेतात जगलेली रोपे अशी तीन रकान्यांची नोंद ठेवावी. दोन हंगामांत प्रत्येक गावाची योग्य वेळ त्या नोंदीतूनच स्पष्ट होईल आणि मघा नक्षत्राची ही मर्यादा कोणत्या गावी आठवडाभर पुढे-मागे करावी, हेही कळेल. अमुक गुट्या बांधल्या, याला बागायतदाराच्या लेखी मोल नाही. त्याच्या खड्ड्यात उभ्या राहिलेल्या झाडाला आहे.