परदेशातून बँकेला फोन : मुदत चालू, क्रमांक बंद

डेबिट कार्डाच्या मागे छापलेला १८०० ने सुरू होणारा क्रमांक निःशुल्क असतो, म्हणजे त्या कॉलचा खर्च ग्राहकाऐवजी बँक उचलते. ही सोय देशांतर्गत दूरसंचार सेवेपुरती आहे. दोहा, मस्कत किंवा लंडनहून तोच क्रमांक फिरवला तर तो बहुधा लागत नाही. परदेशातील ग्राहकांसाठी मोठ्या बँका +९१ ने सुरू होणारा वेगळा, सशुल्क क्रमांक देतात; मात्र तो संकेतस्थळाच्या कुठल्या तरी आतल्या पानावर असतो. कार्ड हरवल्यावर किंवा खात्यातून अनोळखी रक्कम गेल्यावर त्याचा शोध सुरू होतो. क्रमांक सापडला, तरी ध्वनिमुद्रित सूचना ऐकत घालवलेले प्रत्येक मिनिट आंतरराष्ट्रीय दराने मोजले जाते. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलण्याची सुविधाही बंद असल्याने तिथल्या कामगाराला तो स्वस्त मार्गही उरत नाही.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा असता, तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, याचे सूत्र घालून दिले. सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघाले. चूक ना बँकेची, ना ग्राहकाची, अशा प्रकरणात बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याला काहीही भुर्दंड नाही. चार ते सात दिवस लागले, तर सर्वसाधारण बचत खातेदाराला कमाल १० हजार रुपयांपर्यंत नुकसान सोसावे लागते. त्यानंतर काय करायचे, हे त्या त्या बँकेचे धोरण ठरवते. कळवण्यास जितका उशीर, तितका खिशाला फटका, असा हा हिशेब आहे आणि परदेशातील ग्राहकाला कळवणेच सर्वांत कठीण जाते.

गोव्यात या अडचणीला आणखी एक पदर आहे. बार्देश, सासष्टीतील अनेक घरांचा खर्च पिढ्यान्‌पिढ्या तारवटीच्या पगारावर चालत आला आहे. जहाजावर असताना भारतीय सिमला कित्येक दिवस नेटवर्क मिळत नाही, म्हणून ते सिम घरी पत्नीकडे किंवा आईकडे ठेवण्याचा प्रघात पडला. बँकेचा ओटीपी घरच्या फोनवर येतो, घरचे माणूस तो आकडा संदेशाने कळवते आणि व्यवहार पार पडतो. ही तडजोड निष्पाप आहे. नियमांच्या नजरेत मात्र ती निष्काळजी ठरू शकते. त्याच परिपत्रकानुसार, पैसे देण्यासाठीची गोपनीय माहिती ग्राहकाने दुसऱ्याला दिली आणि त्यामुळे नुकसान झाले, तर बँकेला कळवेपर्यंतचा सगळा तोटा ग्राहकाचा. ज्या युक्तीविना खाते चालवणेच अशक्य, ती उद्या त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडली जाऊ शकते. शिवाय, सूचनेचा एसएमएस मडगावच्या घरातल्या कपाटातील फोनवर पोहोचला, तर तो अटलांटिकवरील खलाशाला ‘मिळाला’ असे मानायचे का? बँकेच्या नोंदीत तो पोहोचलेलाच असतो.

नियम करताना डोळ्यांसमोर कोणता स्थलांतरित होता, हे पाहण्यासाठी गोव्याबाहेर नजर टाकावी लागेल. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याचा लांजी तालुका गोंदियाला खेटून आहे आणि मराठी तिथे परकी नाही. बालाघाटमधील मजूर कामासाठी नागपूर, हैदराबाद गाठतात. त्यांचे हाल कमी नाहीत, पण बँकेच्या बाबतीत त्यांचे सिम चालू असते, १८०० क्रमांक लागतो, आणि लांजीत खाते असले तरी हैदराबादेत त्याच बँकेची शाखा बरीचशी कामे करून देते. त्याच घरातील एखादा तरुण उद्या हैदराबादहून आखातात गेला, की एका विमानप्रवासात हे तिन्ही आधार सुटतात. नोकरीसाठी देश सोडताच परकीय चलन कायद्यानुसार तो अनिवासी ठरतो आणि त्याचे साधे बचत खाते ‘एनआरओ’ खात्यात बदलून घ्यावे लागते. गोव्यात हे निदान शेजारीपाजारी सांगतात. लांजीत ते सांगणारे माणूस शोधावे लागेल.

काही दारे किलकिली झाली आहेत. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय देयक महामंडळाने एनआरई व एनआरओ खातेदारांना परदेशी मोबाइल क्रमांकावर यूपीआय वापरण्याची मुभा दिली. पहिल्या दहा देशांत ओमान, कतार, सौदी अरेबिया, अमिराती व ब्रिटन होते. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने प्रमाणीकरणाचे नवे निर्देश काढून एसएमएस ओटीपीला पर्यायी साधनांची वाट मोकळी केली. त्यांच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. याउलट, व्हिडिओद्वारे केवायसी करण्याच्या प्रणालीने भारताबाहेरून येणारी जोडणी रोखली पाहिजे, ही अट २०२१ मध्ये घातली गेली. फसवणूक टाळण्याचा तिचा हेतू समजण्यासारखा आहे. पण ज्याला शाखेत येणे शक्य नाही, त्याच्यासाठीच व्हिडिओचा मार्ग बंद करणारी ही अट आहे, हेही खरे.

अधिकृत क्रमांक सहज सापडत नाही, तेव्हा माणूस गूगलवर शोधतो. तिथे ‘कस्टमर केअर’ म्हणून भामट्यांनी पेरलेले क्रमांक त्याची वाट पाहत असतात. बँकांच्या संकेतस्थळांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा राखीव पत्ता आणि बँकेकडून येणाऱ्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ची मालिका, हे २०२५ मधील दोन्ही निर्णय याच रोगावरचे उपाय आहेत. त्यांपैकी दुसरा ग्राहकाला आलेला कॉल ओळखायला मदत करतो, ग्राहकाने बँकेला करायच्या कॉलचे काय, हा प्रश्न तसाच राहतो.

त्याचे उत्तर खरे तर २०१७ च्या परिपत्रकातच आहे. व्यवहाराची सूचना देणाऱ्या एसएमएसला वा ईमेलला ग्राहकाने नुसते उलट उत्तर पाठवून हरकत नोंदवता यावी, त्यासाठी संकेतस्थळ किंवा पत्ता शोधण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये, असे त्यात बँकांना बजावले आहे. तक्रार क्रमांकासह पोच देणे आणि तक्रारीची वेळ नोंदवणेही बंधनकारक आहे. प्रत्यक्षात मात्र बँकांचे कित्येक ईमेल ‘येथे उत्तर पाठवू नये’ अशी तळटीप घेऊनच येतात. हा एक नियम काटेकोरपणे पाळला गेला, तर जहाजावरील वायफायवरूनही हरकत नोंदवता येईल आणि १८०० क्रमांक लागतो की नाही, याला महत्त्व उरणार नाही.

तोवर खातेदाराच्या हाती थोडे उपाय आहेत. निघण्यापूर्वी बँकेचा +९१ क्रमांक व शाखेचा ईमेल कागदावर लिहून नेणे, परदेशी क्रमांक खात्याशी जोडणे, सिम घरी ठेवण्यापेक्षा रोमिंग सुरू करून सोबत नेणे, हे त्यांपैकी काही. घरच्यांनी खाते चालवायचेच असेल, तर ओटीपी कळवत बसण्यापेक्षा रीतसर मुखत्यारपत्र बरे. फोन लागला नाही, तर त्याच क्षणी ईमेल पाठवावा. परिपत्रकाने तोही कळवण्याचा मार्ग मानला आहे आणि त्यावरची वेळ नाकारता येत नाही. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते.

पण कोणती बँक आपल्या सूचनेला उलट उत्तर स्वीकारते आणि कोणती नाही, हे एकेका तारवटीने शोधत बसायचे नाही. राज्यस्तरीय बँकर्स समितीची बैठक दर तिमाहीला होते आणि राज्य सरकारकडे अनिवासी गोमंतकीयांसाठी स्वतंत्र कार्यालय आहे. पुढच्या बैठकीत प्रत्येक बँकेकडून एवढीच एक माहिती लेखी मागवायला सरकारला नव्या कायद्याची गरज नाही.