रविवार, लेकरं आणि मुक्कामाला आलेले आजी-आजोबा

सोलापूर शहरातल्या घरांत आजी-आजोबा मुक्कामाला येतात ते मुख्यतः दोन दिशांनी. काही बार्शी, मोहोळ, मंगळवेढा, करमाळ्याकडून. तर काही इंडी, विजयपूर, कलबुर्गीकडून, कारण सोलापूरच्या कितीतरी सुनांची माहेरं सीमेपलीकडची आहेत. शनिवारी एसटीनं उतरायचं, रविवार नातवंडांत घालवायचा आणि सोमवारी परतायचं, असा सर्वसाधारण बेत असतो. महाराष्ट्राच्या एसटीत ६५ वर्षांपुढच्या प्रवाशाला अर्धं तिकीट आहे, ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना अर्धं तिकीट लागू झालं. तिकिटासाठी मुलापुढे हात न पसरता निघता येणं ही म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट आहे. मात्र ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे आणि महिलांना मोफत बसप्रवास देणारी कर्नाटकची शक्ती योजनाही आंतरराज्य गाड्यांना लागू नाही. त्यामुळे इंडीहून लेकीकडे येणारी आजी दोन्ही राज्यांच्या सवलतींच्या मधे सापडते. निदान सीमाभागापुरता तरी दोन्ही महामंडळांनी यावर तोडगा काढायला हवा.

रविवारच्या सुट्टीमागे गिरणी कामगारांचा लढा आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखालची ही मागणी मुंबईच्या गिरणीमालकांनी १८९० साली मान्य केली. सोलापुरात तेव्हा, १८७७ पासून, जुनी गिरणी चालू होती. पुढे गिरण्या बंद पडल्या तरी रविवार राहिला. अर्थात तो सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. शहराच्या पूर्व भागात घरी विड्या वळणाऱ्या बाईला हजार विड्यांमागे मजुरी मिळते. तिच्यासाठी सुट्टी म्हणजे बुडालेला रोज.

आजी-आजोबा घरी असलेल्या रविवारची आखणी बहुधा चुकते ती वेळापत्रकात. चार वर्षांचं मूल आणि सत्तरीचे आजोबा यांचं घड्याळ जवळजवळ एकच असतं. दोघांनाही पहाटेच जाग येते, अकराला भूक लागते, दुपारी डोळा लागतो आणि रात्री नऊनंतर बसवत नाही. वेगळं असतं ते मधल्या पिढीचं घड्याळ. तिला उशिरा उठायचं असतं, दोनला जेवायचं असतं आणि रात्री बाहेर जायचं असतं. मधल्या वेळेला किरकिरणारं मूल आणि जेवण लांबल्यामुळे रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी लांबलेले आजोबा, या दोन्हींचं मूळ इथे आहे. पहिलं पान बाराच्या आत वाढलं गेलं तर निम्मा दिवस आपोआप सुरळीत होतो. सोलापूरचं जेवणही या दोन टोकांना सोयीचं आहे. दातांचं बळ असलेल्यांना कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. दात नसलेल्यांना आणि अजून पुरते न आलेल्यांना ज्वारीची मऊ भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून.

सोलापुरात या सगळ्यावर पाण्याचं सावट असतं. शंभरेक किलोमीटरवरच्या उजनी धरणातून पाणी येऊनही शहरात नळाला रोज पाणी नसतं. ते काही दिवसांआड येतं. पाण्याचा दिवस रविवारीच आला तर सकाळ पिंप, हंडे, कळशा भरण्यात जाते आणि घरात दोन माणसं जास्त असताना तेच पाणी पुढच्या पाण्यापर्यंत पुरवावं लागतं. पाहुण्या सासूबाई स्वतःहून अर्ध्या बादलीत आंघोळ उरकतात. घरी आलेल्या वडीलधाऱ्यांना असा संकोच वाटावा, हे या शहराच्या कारभाराचं अपयश आहे.

बाहेर जायचं तर एकदाच आणि सकाळीच. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशीच्या पुढे जातो. वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते आणि लहान मुलाच्या अंगातलं पाणी लवकर कमी होतं. म्हणून दोघांनाही मागण्याआधी पाणी द्यावं लागतं. या दोघांना एकत्र नेण्याजोगं सगळ्यांत चांगलं ठिकाण गावाच्या मध्यावरच आहे. सिद्धेश्वराचं मंदिर तळ्यात आहे, भुईकोट किल्ला तळ्याला लागून आहे आणि मुलांना पाणी बघायला मिळतं तेवढ्यात आजींचं दर्शन होतं. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून हे तळं उभं केलं आणि पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगं स्थापन केली, हे सांगण्यासाठी आजोबांइतकं योग्य माणूस दुसरं नाही. संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असेल तर नंदीध्वजांची मिरवणूक आजोबांसाठी आणि होम मैदानावरचे पाळणे नातवंडांसाठी, अशी वाटणी आपोआप होते. फक्त त्या गर्दीत लहान मुलाच्या खिशात घरच्या फोन नंबरची चिठ्ठी असावी.

गावाबाहेर देवाला जायचा आग्रह झाला तर अंतरापेक्षा पायऱ्या मोजाव्यात. तुळजापूर आणि अक्कलकोट दोन्ही चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहेत. पण तुळजाभवानीच्या दर्शनाला पायऱ्या उतरून जावं लागतं आणि तेवढ्याच चढून यावं लागतं. गुडघे धरलेल्या माणसाची तिथे परीक्षा होते. अक्कलकोटला वटवृक्ष मंदिराजवळ अन्नछत्र असल्यामुळे जेवणाची वेळही सांभाळली जाते. लेकरं आणि म्हातारी माणसं एकत्र असतील तर अक्कलकोट बरं. पंढरपूर सत्तर किलोमीटर. रविवारच्या रांगेसह ते एका दिवसात कोंबणं दोघांवरही अन्याय आहे.

दुपार मात्र घरातच जावी, कारण या भेटीचा खरा लाभ तिथे आहे. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात. ज्या घरांची बोली कन्नड किंवा तेलुगू आहे, तिथली नातवंडं शाळेत मराठी किंवा इंग्रजी शिकतात आणि आई-वडीलही त्यांच्याशी शाळेच्याच भाषेत बोलू लागतात. घरची बोली अस्खलित बोलणारं माणूस आजीच उरते. दोन तास तिच्याशेजारी लोळत, शेंगा फोडत, गोष्ट ऐकत पडलेलं मूल जे उचलतं ते कुठल्याही शिकवणीत मिळत नाही. टीव्ही आणि मोबाइल तेवढा वेळ बंद राहिले तर बरं. हिवाळ्यात गावाकडून हुरड्याची कणसं आलेली असतील तर कामही आयतंच मिळतं.

ही दुपार एका बाईला मात्र मिळत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. पाहुणे असलेल्या रविवारी हे अंतर आणखी वाढतं. सून ओट्याशी उभी, सासूबाई नातवाला भरवतायत आणि मुलगा वडिलांशी गप्पा मारतोय, हे दृश्य सगळ्यांनाच इतकं सवयीचं झालं आहे की कोणाला ते खटकत नाही. खटकायला हवं. आई-वडील त्याचे आले असतील तर गोळ्यांच्या वेळा, अंघोळीचं पाणी आणि संध्याकाळचा चहा ही कामं त्याची. आलेल्या आजीलाही दिवसभर मुलं सांभाळायला लावू नये; ती भेटीला आलेली आहे.

नातवंडांकडचा प्रवास सगळ्यांनाच एसटीनं करता येत नाही. नोकरीसाठी मुलं सोलापुरातून पुण्याला गेलेल्या घरांत आजी-आजोबांचं जाणं-येणं हुतात्मा एक्सप्रेससारख्या गाडीनं होतं. रेल्वेत साठीपुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांपुढच्या स्त्रियांना ५० टक्के सवलत होती; ती मार्च २०२० मध्ये थांबवली गेली. रेल्वेविषयक संसदीय समितीनं निदान स्लीपर आणि थर्ड एसीसाठी ती परत देण्याचा विचार व्हावा, असं सुचवलं. पण पुणे-सोलापूर मार्गावरच्या दिवसाच्या गाड्यांत साधी माणसं प्रवास करतात ती बसण्याच्या डब्यांतून. सवलत परत येईल तेव्हा त्या डब्यांपासून सुरुवात व्हावी.