गर्दीतला इलेक्ट्रॉन

हनुमान जयंतीला गौलीगुड्याच्या राममंदिरापासून मिरवणूक निघते. त्या गर्दीत कुणी एकटा चालत नाही; पुढचा हलला तरच आपण हलतो. काही धातूंत इलेक्ट्रॉनांचेही तसेच. एकेकाचा वेगळा हिशेब मांडला की उत्तर चुकते. मग त्यांची हालहवाल कळते कशी? लेझर टाकून. विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो. तेवढी ऊर्जा इलेक्ट्रॉनांनी घेतलेली असते. हा १९२८चा रामन परिणाम. मुंबईच्या टीआयएफआरमधून पीएचडी झालेले श्रीराम शास्त्री आणि बोरिस श्राइमन यांनी १९९० मध्ये अशा अडलेल्या गर्दीसाठी त्याचे गणित मांडले. तांब्याच्या ऑक्साइडांना हेच गणित लागते. त्यांच्यात १९८६ मध्ये अतिसंवाहकता सापडली. ती नेमकी कशी येते, यावर अजून एकमत नाही. बारावीतल्या मुलांनो, जागा रिकामी आहे!