अरण्यातील पहारा कोणावर?

जंगलातील पायवाटेच्या कडेला, झाडाच्या बुंध्याशी गुडघाभर उंचीवर बांधलेली एक लहानशी पेटी आता देशातील व्याघ्र प्रकल्पांत सर्रास आढळते. ‘कॅमेरा ट्रॅप’ या नावाने ती ओळखली जाते. ट्रॅप म्हणजे सापळा. परंतु हा सापळा जनावराला धरत नाही, त्याची केवळ प्रतिमा धरून ठेवतो. समोरून उष्ण रक्ताचा प्राणी गेला की भोवतालच्या व त्याच्या शरीराच्या तापमानातील फरक पेटीतील संवेदकाला कळतो आणि क्षणार्धात छायाचित्र निघते. रात्रीच्या वेळी मनुष्याच्या डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश ती वापरते. कोणी जागे राहावयास नको, की मचाण बांधावयास नको. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६ हजार ८३८ ठिकाणी असे कॅमेरे बसविण्यात आले आणि त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे टिपली. जगातील या प्रकारची सर्वांत मोठी पाहणी म्हणून गिनेस बुकात तिची नोंद झाली. या विक्रमाचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही. परंतु इतक्या छायाचित्रांचे आपण काय केले, त्यांत कोण कोण सापडले आणि ज्यांना सापडावयाचे नव्हते त्यांचे काय झाले, हे प्रश्न विक्रमाच्या आनंदात विचारावयाचे राहून गेले आहेत.

या साधनाचा जन्म वाघासाठी झाला नाही, हरणासाठी झाला. अमेरिकेतील जॉर्ज शिरास हे पेशाने वकील आणि काही काळ तेथील प्रतिनिधिगृहाचे सभासद. मिशिगन राज्यातील सरोवरांच्या काठी रात्री होडीतून दिवा दाखवून हरणांना भुलवावयाचे आणि दिव्याकडे टक लावून उभ्या राहिलेल्या हरणावर गोळी झाडावयाची, ही तेथील शिकाऱ्यांची जुनी रीत. शिरास यांनी दिवा ठेवला, होडी ठेवली. बंदुकीच्या जागी कॅमेरा आणला. पुढे वाटेवर तार ताणून, जनावराचा पाय लागताच छायाचित्र निघेल अशीही योजना त्यांनी केली. १९०६ च्या जुलैमध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकाने त्यांची ७४ छायाचित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा गंभीर नियतकालिकाचे चित्रांचे पुस्तक होत आहे असे म्हणून संस्थेच्या दोन संचालकांनी राजीनामे दिले. आपल्याकडे संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी तारेच्याच युक्तीने रात्री हिंडणाऱ्या वाघांची छायाचित्रे घेतली. १९२७ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले, तेव्हा वाघ पाहावयाचा तो बंदुकीच्या नळीवरून, ही समजूत पक्की होती. चॅम्पियन यांनी तिला शांतपणे छेद दिला.

कुतूहलाचे हे साधन शास्त्राचे झाले ते गेल्या तीस वर्षांत. त्यापूर्वी वाघ मोजले जात ते पाऊलखुणांवरून. वनरक्षक काचेवर ठशाची आकृती उतरवीत, प्लास्टरचे साचे घेत आणि त्यांवरून वाघांची संख्या ठरे. या कामी कष्ट अपार होते, पण एकाच वाघाचा ठसा मातीत एक, वाळूत दुसरा आणि चिखलात तिसरा दिसतो, ही अडचण कोणाच्या प्रामाणिकपणाने दूर होण्यासारखी नव्हती. तिचे फळ सरिस्कात दिसले. कागदावर वाघ नांदत होते आणि २००५ मध्ये असे उघडकीस आले की त्या जंगलात एकही वाघ उरलेला नाही. त्या धक्क्यानंतर गणनेची पद्धत बदलणे अपरिहार्यच होते.

नव्या पद्धतीचा पाया डॉ. उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातील नागरहोळेच्या जंगलात घातला होता. त्यांचा त्याविषयीचा निबंध १९९५ चा. वाघाच्या अंगावरील पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे असतात. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. एकाच वाघाच्या डाव्या व उजव्या कुशीचे पट्टेही निराळे, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावावे लागतात. पुढील हिशेब सरळ आहे. समजा, पहिल्या खेपेस वीस निरनिराळे वाघ टिपले गेले. दुसऱ्या खेपेस पुन्हा वीस आले आणि त्यांतील दहा आधी ओळखलेले निघाले. याचा अर्थ, जंगलातील एकूण वाघांपैकी निम्मे पहिल्या खेपेस सापडले होते. म्हणजे एकूण वाघ सुमारे चाळीस. प्रत्यक्षातील गणित याहून पुष्कळ गुंतागुंतीचे असते, परंतु त्याचे मर्म शाळकरी मुलालाही कळावे इतके स्वच्छ आहे. २००६ च्या गणनेत देशात १४११ वाघ असल्याचा अंदाज निघाला, २०१८ मध्ये तो २९६७ झाला आणि २०२२ मध्ये सरासरी ३६८२. या वाढीचा काही भाग अधिक विस्तृत पाहणीचा आहे, हे लक्षात ठेवूनही असे म्हणता येईल की आपले आकडे आता पूर्वीहून पुष्कळ विश्वासार्ह झाले आहेत. एखाद्या वाघाने माणसावर हल्ला केला तर नेमका कोणता वाघ तो, हे पट्ट्यांवरून ठरविता येते आणि निरपराध जनावर पिंजऱ्यात जाण्याचा धोका कमी होतो, हा लाभही लहान नाही.

येथवर सारे ठीक आहे. परंतु २०१८ च्या त्या ३ कोटी ४८ लाख छायाचित्रांत वाघांची होती ७६ हजार ६५१ आणि बिबट्यांची ५१ हजार ७७७. दोन्ही मिळून शेकडा अर्धाही भाग होत नाही. उरलेल्या साडेनव्याण्णव टक्क्यांत चितळ होते, सांबर होते, भेकर, चौशिंगा, रानडुक्कर, साळिंदर, ससा, मुंगूस असे सारे मागे पडलेले रानकुटुंब होते. त्यांची गणती नव्हे, निदान ओळख तरी आपल्या सार्वजनिक चर्चेत झाली काय? वाघाचा आकडा फुटला की वृत्तपत्रांचे मथळे सजतात; सांबराच्या आकड्याची वाट पाहणारा कोणी दिसत नाही. वस्तुतः वाघ जगतो तो या सांबरावरच. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्यातील वाघीण सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आणण्यात आली, तेव्हा तिच्या पराक्रमाच्या कथा घरोघरी पोहोचल्या. पण ती तेथे टिकेल की नाही, हे सह्याद्रीच्या उतारावर सांबरे, भेकरे आणि रानडुकरे किती आहेत यावर ठरणार आहे.

हरणांची मोजणी कॅमेऱ्याने करणे वाघाइतके सोपे नाही, हे खरे. सांबराच्या अंगावर पट्टे नसतात आणि चितळांच्या ठिपक्यांवरून कळपातील एकेक ओळखणे जिकिरीचे असते. त्यासाठी ठरावीक वाटेने चालत जाऊन दिसलेली जनावरे व त्यांचे अंतर नोंदविण्याची निराळी पद्धत आहे. परंतु कॅमेरा मोजू शकत नसला तरी सांगू पुष्कळ शकतो: कोणते हरीण कोणत्या पाणवठ्यावर कोणत्या प्रहरी येते, पाडसे कोणत्या महिन्यात दिसू लागतात, माणसांची वर्दळ वाढली की दिवसाचे जनावर रात्रीचे कसे होते. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरील जनावरे मोजण्याची आपल्याकडील प्रथा हौशी निसर्गप्रेमींना जंगलाची गोडी लावते, ते तिचे मोलच आहे. परंतु एका रात्रीच्या दर्शनातून वर्षाची दिनचर्या कळत नाही. ती या मुक्या पेटीला कळते.

शिवाय वन्यजीव केवळ अभयारण्याच्या कुंपणात राहतात, हा आपला ग्रहही या पेटीनेच खोटा ठरविला आहे. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेली पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तो प्रदेश ऊसमळ्यांचा. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे तेथे राहतात. त्या शेतशिवारात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि तितकीच तरसे आढळली. त्यांच्याबरोबर वाघाटी, रानमांजर, जवादी, कोल्हा आणि खोकडही. ज्या बांधावरून सकाळी मुले शाळेत जातात, त्याच बांधावरून रात्री बिबट्या जातो. जुन्नर-शिरूर भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली आहेत, मुलेही दगावली आहेत. त्या आईबापांपुढे सहजीवनाची सुभाषिते म्हणणे निर्दयपणाचे ठरेल. परंतु उपाय करावयाचा तर शेजारी कोण राहतो हे आधी ठाऊक हवे. रानडुकराने की रोह्याने पीक खाल्ले, हा शेतकऱ्याचा आणि पंचनामा करणाऱ्याचा नित्याचा वादही अशा नोंदींनी पुष्कळसा मिटू शकेल.

आता त्या छायाचित्रांतील शेवटच्या, आणि सर्वांत अवघड, विषयाकडे वळले पाहिजे. कॅमेऱ्याच्या संवेदकाला उष्ण शरीर कळते. ते हरणाचे की बाईचे, हे कळत नाही. उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात केंब्रिज विद्यापीठाचे संशोधक त्रिशांत सिमलाई यांनी चौदा महिने राहून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते वाचून कोणाही सुसंस्कृत माणसाची मान खाली जावी. जंगलात शौचास गेलेल्या एका स्त्रीचे छायाचित्र अशाच कॅमेऱ्याने टिपले आणि ज्यांच्या हाती ते आले त्या पुरुषांनी ते गावातील मोबाईलवर पसरविले. संतप्त ग्रामस्थांनी कॅमेरे फोडले. हा झाला उघड अत्याचार. पण त्याहून सूक्ष्म हानी दुसरीच आहे. सरपण व गवत आणण्यास जाणाऱ्या तेथील स्त्रिया वाटेने मोठ्याने गात, बोलत जात. त्यात सुखदुःखाची देवघेव होती आणि त्या आवाजाने जनावर दूर राहत असे. आपल्यावर कोणाचा तरी डोळा आहे या जाणिवेने त्यांचे गाणे थांबले. काही जणी कॅमेरा चुकविण्यासाठी अनोळखी, अधिक धोक्याच्या भागात जाऊ लागल्या. रक्षणासाठी लावलेल्या यंत्राने स्त्रियांचे सर्वांत जुने संरक्षण, म्हणजे त्यांचा आवाज, हिरावून घ्यावा यापरता विपर्यास कोणता?

हे उत्तराखंडात घडले, आपल्याकडे काय, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. चैत्र-वैशाखात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियातील हजारो स्त्रिया पहाटेपासून मोहफुले आणि तेंदूपाने वेचण्यास रानात जातात. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने वेचणाऱ्या तीन स्त्रियांना एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात प्राण गमवावे लागले. त्या शौक म्हणून रानात जात नव्हत्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील त्यांचा हक्क मान्य केला आहे आणि गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून देशाला वाट दाखविली आहे. रानात आपल्या हक्काने वावरणारी ही स्त्री कॅमेऱ्याच्या नोंदीत ‘घुसखोर’ ठरता कामा नये. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. तो काही शहरातील सदनिकेपुरता दिलेला नाही.

कॅमेरे काढून टाका, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. शिकारी टोळ्यांचा माग त्यांनी लागतो, आणि गावाच्या वेशीवर वाघाची चाहूल लागताच इशारा मिळण्याची सोय झाली तर ती माणसालाच वाचवील. प्रश्न यंत्राचा नाही, यंत्र वापरण्याच्या रीतीचा आहे. म्हणून काही नियम लेखी आणि बंधनकारक झाले पाहिजेत. गावाच्या नित्याच्या वहिवाटीच्या वाटेवर कॅमेरा लावावयाचा तर ग्रामसभेला आधी सांगून, तिची संमती घेऊन लावावा. तेथे मराठीत, आणि गोंडी किंवा कोरकू बोलली जाते तेथे त्या भाषेतही, तसा फलक असावा. पाणवठ्याची व शौचाची जागा वगळावी. माणसाचे छायाचित्र आले तर ते ठरावीक मुदतीत नष्ट व्हावे. छायाचित्रे चाळण्याच्या कामात स्त्री कर्मचारी असाव्यात आणि छायाचित्र बाहेर फोडणाऱ्याला शिक्षा व्हावी. यांपैकी एकही गोष्ट खर्चिक नाही.

आणि एक मागणी शिक्षणाच्या बाजूने. वाघाची जागा गुप्त ठेवणे योग्यच. परंतु चितळ, भेकर, साळिंदराची जी लक्षावधी छायाचित्रे पडून आहेत, ती जिल्ह्याजिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांना अभ्यासासाठी का देऊ नयेत? वनवासींच्या मुखातून रानाची भाषा वेचून मराठीत आणणारे मारुती चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. तो वारसा चालवावयाचा तर मुलांना आपल्या शिवारातले जनावर आपल्या भाषेतील नावाने ओळखता आले पाहिजे. आपल्या तालुक्यात सांबर कोणत्या प्रहरी पाण्यावर येते, हे छायाचित्रांच्या वेळा मांडून एखाद्या विद्यार्थिनीने सिद्ध केले, तर गणित, भूगोल आणि नागरिकशास्त्र हे तिन्ही विषय ती एकदम शिकेल.

शिरास यांनी शिकाऱ्याच्या हातातील दिवा तसाच ठेवून त्याचा हेतू बदलला, आणि त्या बदलाने हरीण वाचले. आज आपल्या हाती त्याहून कितीतरी समर्थ दिवा आहे. त्याच्या उजेडात हरीण निर्धास्त चरावे आणि मोह वेचणारी बाईही निर्धास्त गावी, एवढी तरतूद करणे सरकारला अशक्य नाही. ती होईपर्यंत कोट्यवधी छायाचित्रांचा विक्रम आपण जरा कमी मिरवावा, हे बरे.